आखाजी नावाचा डबा

माझं घर भंगार आहे, असं मला सासूनं सांगितलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं. ती रोजच सांगते. नवऱ्यानं सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्याचा डबा लूमवर रिकामा गेला असता. पण हे मला सांगितलं संगणकाच्या पायथन नावाच्या भाषेनं. ती शिकायला मी नुकती कुठे सुरुवात केली होती. तेव्हा डोक्यात जो जाळ पेटला तो अजून विझलेला नाही. सुरतेजवळच्या पलसाण्याच्या हायवेवरच्या मिलवाल्यांनी त्या दिवसांत माझं डोकं बॉयलरला जोडलं असतं तर त्यांचा वर्षाचा कोळसा वाचला असता.

तर आधी मी कोण ते सांगते. आम्ही खानदेशातले. लग्न करून सुरतेत आले तेव्हा घरबसल्या साड्यांचं धागा कटिंग केलं, मग साड्यांवर टिकल्या आणि स्टोन चिकटवले. इतक्या साड्यांना टिकल्या लावल्या की त्या एकापुढे एक अंथरल्या असत्या तर नंदुरबारपर्यंत पायाला धूळ न लागता चालत गेले असते. त्या कामानं डोळे गेले नाहीत, उलट हात असा बसला की पुढे संगणकाच्या क्लासमध्ये माझ्यासारखा माऊस कुणाला धरता येईना. त्याच हातावर मला कतारगाममधल्या नकाशांच्या ऑफिसात नोकरी मिळाली. खालच्या मजल्यावर हिरे घासतात, वरच्या मजल्यावर आम्ही नकाशे काढतो.

माझं काम छपरांचं. उपग्रहाचा फोटो पडद्यावर घ्यायचा आणि प्रत्येक छपराच्या कडेकडेनं माऊस फिरवून त्याची चौकट काढायची. अर्धी सुरत माझ्या हाताखालून गेली आहे. कोणाच्या गच्चीवर पापड वाळतात, कोणी चोरून वरचा मजला चढवलाय, सगळं मला माहीत. मनात आणलं असतं तर शहरातली निम्मी लग्नं मी जुळवली असती आणि उरलेली मोडली असती.

ऑफिसात माझ्या वर दोन माणसं. एक शेठ, सौराष्ट्रातला, स्वभावानं गोड. इतका गोड की त्याच्या केबिनमध्ये मुंग्या लागतात. दुसरा इंजिनिअर, त्याला मी मनातल्या मनात स्क्रिप्टवाला म्हणते. मी महिनाभर माऊस घासून जे काम करायची ते हा पायथनमध्ये चार ओळी लिहून चहा संपायच्या आत करायचा. ओळी लिहायच्या, बटण दाबायचं आणि खुर्ची मागे टेकवून माझ्याकडे बघायचं. ते बघणं माझ्या डोक्यात जायचं.

एकदा मी म्हटलं, "मलाही शिकव की."

तो हसला. "मासी, ये पायथन है, पापड नहीं."

"पापडात मीठ जास्त झालं तर घरभर बोंब होते रे," मी म्हटलं. "तुझं काही बिघडलं तर कळतं तरी का कुणाला?"

हे मी नुसतं तोंडाला आलं म्हणून बोलले होते. पुढे काय वाढून ठेवलंय हे तेव्हा कुठे माहीत होतं!

त्याच दिवशी बसमध्ये मी फोनवर हिंदीतले पायथनचे व्हिडिओ लावले. रागानं शिकायला घेतलेली गोष्ट लवकर येते असं लोक म्हणत असतील तर ते लोक खोटं बोलतात. पायथनला समासाची भयंकर हौस आहे. अमुक ओळ ठरलेली जागा सोडून आत सरकवायची म्हणजे सरकवायचीच. नाही सरकवली की पडद्यावर लाल अक्षरांत शिव्या. आमच्या सोसायटीतल्या बायका टँकरच्या रांगेतसुद्धा इतक्या शिव्या देत नाहीत. एकदा तर पडदा एवढा लाल झाला की खालचे हिरेवाले वर आग लागली म्हणून जिना चढून आले. खोटं वाटत असेल तर विचारा त्यांना, पण ते नाहीच म्हणतील.

हळूहळू कळायला लागलं. व्हेरिएबल म्हणजे डबा. त्यात काहीही ठेवा, वर नावाची चिठ्ठी लावा. फॉर म्हणजे गल्लीत शिरून एकेका दारावर जाणं. इफ म्हणजे दारात उभं राहून विचारणं, असं आहे का? असेल तर हे कर, नसेल तर पुढच्या दारावर जा. म्हणजे आमच्याकडे लसीकरणाला येणारी बाई जे करते तेच. हे मला कळलं तेव्हा मी बसमध्ये मोठ्यानं "हात्तिच्या!" म्हणाले आणि शेजारच्या बाईनं पर्स घट्ट धरली.

नकाशावर स्वतःच्या हातानं ठेवलेला पहिला ठिपका म्हणजे माझं घर. अक्षांश-रेखांश टाकून ठिपका पाडायच्या दोन ओळी लिहिल्या, बटण दाबलं, आणि घर गायब. शोधता शोधता नकाशा लहान करत गेले. सुरत दिसेना, गुजरात गेला, देश गेला, आणि पार वर, नॉर्वेच्याही पलीकडे, बर्फाळ समुद्रात माझा लाल ठिपका डुचमळत होता. दोन आकड्यांची अदलाबदल केली होती मी. सगळे नवशिके करतात म्हणे. घरी लॅपटॉपवर डोकं धरून बसले होते, तर सासू आली.

"काय दखी राह्यनी वं त्या डबडामा?"

"आपलं घर, आत्याबाई. समुद्रात जाऊन पडलंय. बर्फाच्या."

तिनं वाकून पाहिलं. निळंशार सगळं. "तठे पानी से का?"

"पाणीच पाणी आहे."

"मंग ऱ्हाऊ दे तठेच," म्हणाली आणि कळशी घेऊन जिना उतरायला लागली.

हसू आलं ना? मलाही आलं. पण ती कळशी घेऊन का उतरत होती ते सांगते, म्हणजे हसू जाईल.

आमची सोसायटी हायवेपासून आत, रंगाईच्या मिलांच्या मागे. खाली लूम, म्हणजे यंत्रमाग, वर आम्ही माणसं. नळ नाही. बोअरचं पाणी येतं ते रंगाचं. मिलमध्ये ज्या रंगाचा माल सुरू त्या रंगाचं पाणी. पांढरी साडी बादलीत बुडवून काढली तर सरळ बाजारात नेऊन विकावी. माझा नवरा एकदा हिरवा होऊन आंघोळीतून बाहेर आला तर शेजारच्यांनी त्याला नमस्कार केला. बरं, हे वाढवून सांगते आहे. पण त्या पाण्यानं डाळ शिजत नाही, हे वाढवून सांगत नाही. प्यायचं पाणी टँकरचं, कळशी आदल्या रात्रीच रांगेत लावावी लागते, आणि टँकर येतो तेव्हा मी कतारगामला आणि नवरा लूमवर. म्हणजे भरायचं कुणी? सासूनं. गुडघे दोन्ही गेलेले. जिन्याच्या कठड्याला धरून ती कळशी वर आणते तेव्हा प्रत्येक पायरीवर तिच्या तोंडून जो आवाज निघतो तो ऐकत मी मोठी झाले नाही, म्हणून मला तो अजून सहन होत नाही.

आणि याच रंगीत पाण्यामुळे आम्ही आखाजीला गावी जातो. अक्षय्य तृतीया म्हणजे आमची आखाजी. दिवाळीहून मोठी. त्या दिवशी घागर भरायची असते, गेलेल्या माणसांच्या नावानं. कोरी घागर, काठोकाठ पाणी, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं आणि सांजोरी, सांजा भरलेली गोड पुरी. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, झोके बांधतात. सासू दरवर्षी भावाच्या घरी जाते, म्हातारी झाली तरी झोक्यावर बसते आणि इतका उंच झोका घेते की खालच्यांना तिचं लुगडं ढगासारखं दिसतं. सुरतेत का नाही भरायची घागर, असं मी नवी असताना विचारलं होतं. तर म्हणाली, "हाई रंगीत पानी पित्तरेसले देऊ? वरतून शिव्या देतीन त्या माले!"

म्हणून आखाजी आली की आमची अख्खी सोसायटी कुलूप लावून धुळ्या-नंदुरबारकडे. आमचीच नाही, आजूबाजूच्या चारी सोसायट्या खानदेशी. कुत्रीसुद्धा त्या आठवड्यात गल्ली सोडून जातात, कारण भाकर टाकायला कुणी नसतं.

आता ऐका. पाण्याच्या योजनेचं काम आमच्या ऑफिसला मिळालं. हायवेच्या बाजूनं पिण्याच्या पाण्याची नवी लाइन यायची होती. कुठे माणसं राहतात ते नकाशावर निळं दाखवायचं. निळ्या सोसायटीत पाइप शिरणार, पांढरीला बाहेरून वळसा घालून पुढे जाणार. छपरं मी काढली. आमचं छप्पर काढताना तर मी इतकी हळू गेले की देवघर सारवतानाही जात नाही. घरोघरी जाऊन पाहणीचं काम दुसऱ्या कुठल्या तरी लोकांनी केलं होतं, बाहेरून आलेल्या. आणि स्क्रिप्टवाल्यानं दोन्ही जोडून निळा रंग भरला.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी त्याचा नकाशा उघडला. शिकायचं होतं म्हणून. त्याचं लिहिलेलं वाचून वाचून मी शिकत होते. हायवे दिसला, मिला दिसल्या, आणि त्यांच्यामागे डोक्यावर चाई पडावी तसा पांढरा डाग. आमच्या चारी सोसायट्या. माझी छपरं होती तिथे, एकूण एक, पण त्यांत रंग नव्हता.

मी त्याची स्क्रिप्ट उघडली. वाचता येत होती. हे मला कधी वाटलं नव्हतं की मी पायथन वाचीन आणि वाचलेलं पहिलं वाक्य असं असेल. फॉर, प्रत्येक घर. इफ, स्थिती 'बंद'. तर ते घर उचलून एका डब्यात टाक. त्या डब्याला नाव दिलं होतं 'जंक'.

जंक. भंगार.

पाहणी आखाजीच्या आठवड्यात झाली होती. दारोदार कुलूप. पाहणीवाल्यांना काय, उन्हात बंद दार म्हणजे सुटका. ना कुणाला हाक मारायची, ना काही विचारायचं, 'बंद' दाबा आणि पुढे. आणि ह्या शहाण्यानं 'बंद' म्हणजे कुणी राहत नाही असं धरून माझी सासू, तिचे गुडघे, तिची कळशी, सगळं भंगारात टाकलं होतं. पाणी नाही म्हणून आम्ही गेलो, आणि गेलो म्हणून आम्हाला पाणी नाही! हे डोक्यात शिरलं तेव्हा मी जेवणाचा डबा असा आपटला की भाजी छताला लागली. डाग अजून आहे.

मी सरळ केबिनमध्ये गेले. स्क्रिप्टवाला तिथेच बसला होता.

"शेठ, नकाशात माझं घर भंगारात टाकलंय."

शेठनं पडदा पाहिला. "पण बेन, सर्वेमां बंध लख्युं छे ने."

"कुलूप होतं. आखाजी होती."

"ये क्या होता है?" स्क्रिप्टवाला.

"सण असतो! माणसं गावी जातात!"

"मासी, मैं हर किसी का त्योहार देख के कोड लिखूँ क्या?"

शेठ हात हलवत म्हणाला, "शांति राखो, बेन. मशीन खोटुं न बोले."

मशीन खोटं बोलत नाही! हे वाक्य ऐकलं आणि माझा आवाज असा लागला की खाली घंटीवर, म्हणजे घासायच्या चाकावर, लागलेले हिरे उडाले असतील. मी म्हटलं, "शेठ, दिवाळीत तुम्ही कुठे असता?"

"देशमां. गामडे."

"तुमची सोसायटी?"

"बधा जाय."

"बधा जाय, सगळेच जातात! अख्खं कतारगाम सौराष्ट्रात. रस्त्यावर क्रिकेट खेळता येतं इथे तेव्हा. मग दिवाळीत करा की सर्वे! सुरतेत हिरेवाला एकही राहत नाही असं निघेल. तुमचा बंगला जंकमध्ये, तुमच्या भावाचा बंगला जंकमध्ये. तोडा तुमचे नळ! का नाही करत दिवाळीत? कारण तुमचा सण सगळ्यांना माहीत आहे. आमचा सण झाला की आम्ही मेलो!"

शेठनं मान खाली घातली. मला वाटलं, लाजला. कसला लाजतोय! तो हसायला लागला. "वात तो साची छे," म्हणाला, आणि मग घड्याळाकडे बघून, "पण फाइल काले सांजे जाय छे. तमाराथी थाय तो करी आपो." उद्या संध्याकाळपर्यंत जमलं तर कर, नाहीतर आहे तशी जाईल.

स्क्रिप्टवाला म्हणाला त्याला दुसरं काम आहे.

म्हणजे सगळं माझ्यावर, आणि मला फॉर आणि इफ एवढंच येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडायच्या आधी मी दारात उभी. खरी रिकामी घरंही त्या भागात होती. अर्धवट बांधलेली, दार नसलेली, पण पाहणीत तीही 'बंद'च. सगळीच 'बंद' घरं परत घेतली असती तर शेठनं मलाच धरलं असतं. म्हणून काहीतरी दुसरं शोधायचं होतं, जे कुलूप लावून गावी गेलेल्याच्या घरात असतं आणि खरोखर रिकाम्या घरात नसतं. तशी एक गोष्ट पाहणीतच होती. विजेचा मीटर. आमच्याकडे मीटर जिन्याखाली रांगेत लावलेले असतात, बाहेर, कुलूप असो नसो. पाहणीवाल्यांच्या फोनमध्ये मीटरचा नंबर भरल्याशिवाय पुढचं पान येत नव्हतं, म्हणून बिचाऱ्यांनी तेवढं मात्र खाली वाकून नीट लिहिलं होतं. जिथे मीटरच नव्हता तिथे 'नाही'.

म्हणजे दारात उभं राहून दोन प्रश्न विचारायचे. बंद आहे का? मीटरही नाही का? दोन्ही असेल तरच सोड.

पहिल्यांदा लिहिलं तेव्हा दोन प्रश्नांच्या मध्ये 'आणि'च्या जागी 'किंवा' टाकलं. बटण दाबलं तर होते नव्हते तेही निळे गेले. हायवेच्या बाजूची, उघडी पण मीटर नसलेली झोपडीनझोपडी पांढरी! परत लिहिलं, तर समास चुकला. लाल. परत. लाल. दुपारी चहावाला आला तर मी पडद्याला म्हणत होते, "ये ना बाहेर, दाखवते तुला!" तो चहा न ठेवताच गेला. मग एक स्वल्पविराम. मग एक कंस. हे सगळं ज्यांनी शोधून काढलं त्यांच्या घरी कधी टँकरची रांग नसणार, नाहीतर एवढा वेळ कुणाला असतो!

आणि मग लाल काही आलं नाही. काहीच आलं नाही. पडदा क्षणभर थांबला आणि मिलांच्या मागे निळे चौकोन उमटायला लागले, दिवाळीला पणत्या लावत जावं तसे, एक, मग शेजारचा, मग पूर्ण रांग. आमचंही. मी खुर्चीवरून उठलेच नाही. राग गेला नव्हता.

जाता जाता मी अजून एक काम केलं. 'जंक' हे नाव पुसलं. सोडून दिलेल्या घरांना नाव दिलं 'रिकामी', आणि परत घेतलेली घरं ज्या डब्यात ठेवली त्याला नाव दिलं 'आखाजी'.

स्क्रिप्टवाला येऊन वाचायला लागला. "ठीक है, चलेगा," म्हणाला. एवढंच. जसं मी त्याला पेन शोधून दिलं. "लेकिन ये आखाजी क्या है? मैं नाम बदल देता हूँ."

"हात लावू नकोस," मी म्हटलं. "त्या नावावर खाली सगळं टेकलंय. बदललंस तर अख्खी फाइल फुटेल."

तो घाबरून थांबला. असं काही फुटत नसतं, नाव सगळीकडे सारखं बदललं की झालं. पण हे त्याला तपासायचा कंटाळा होता. संध्याकाळी फाइल गेली, वर त्याचं नाव, पोटात आखाजी. माझं नाव? छपरं काढणाऱ्यांचं नाव कशावर येत नाही.

मग पावसाळा गेला, खोदकाम सुरू झालं. पाइप सोसायटीत शिरला, जिन्याखाली नळ लागले. पहिल्या दिवशी पाणी आलं तेव्हा सासूनं भांड्यात घेऊन ते उन्हात धरलं आणि बराच वेळ रंग शोधत बसली. नव्हता. मला वाटलं आता तरी डोकं थंड होईल.

तर आखाजी आली. गल्लीत पिशव्या भरणं सुरू झालं. मी सासूची पिशवी काढली, तर तिनं ती परत खिळ्याला अडकवली.

"मी नही येत."

"भावाकडे? झोका?"

"कोनी मोजाले उना ते?"

मी समजावलं, कोणी मोजायला आलं तरी आता नळ लागलाय, लागलेला नळ कुणी काढत नाही. ती माझ्याकडे अशी पाहत राहिली, जणू भंगारात टाकलेलं घर मीच परत आणलं हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. शेवटी मीही थांबले. नवरा एकटा गेला.

आखाजीच्या सकाळी तिनं जिन्याखालच्या नळावर कोरी घागर भरली, वर डांगर ठेवलं, हात जोडले. सुरतेतली तिची पहिली घागर. मग खुर्ची ओढून ती सोसायटीच्या तोंडाशी बसली. सगळीकडे कुलूपं. मीटर वाचणारा आला, कुरिअरवाला आला, गॅसवाला आला, कुणीही आला की इथे सगळे राहतात म्हणून ती खुर्चीतून ओरडायची, "कुलूप घरेसले से, मना तोंडले नही! बठा राहतस आठे! लिखी ले!"

ते हसून पुढे जायचे. तिकडे गावात त्या वेळी झोके चालले असतील आणि तिच्या भावाच्या दारातला एक झोका रिकामा लटकत असेल. त्याची 'स्थिती' विचारायला मात्र कुणी पाहणीवाला जाणार नाही.